चहावरचं बांडगूळ

योग्याकार्ता, १२ मे १९९६

म्बाक्यू हार्सी,

तू, कांग सातिमिन आणि तुझी ती मारकुटी बकरी, तिघंही खुशाल आहात असं धरून चालते, कारण खुशाली विचारत बसायला आज मला धीर नाही. बातमी आधी सांगते. लागू पडलं!

खरंच लागू पडलं, म्बाक्यू! आपल्या आजीचं बांडगूळ. चहाच्या झुडपांवर उगवतं म्हणून मळ्याचा मुकादम शिव्या घालत उपटून फेकतो ना, तेच. आम्ही इथे पांढऱ्या उंदरांच्या माद्यांना आधी एक रसायन पाजून त्यांच्या छातीत कर्करोग उठवतो. हो, मुद्दाम. पाप लागायचं ते लागेल. मग अर्ध्या माद्यांना तू पाठवलेल्या पानांचा अर्क आणि अर्ध्यांना नुसतं पाणी. काल शेवटचं मोजमाप झालं. अर्क घेतलेल्यांच्या गाठी बाकीच्यांच्या निम्म्यासुद्धा नाहीत. आमचे विभागप्रमुख पाक वाहोनो, जे कुणाच्या बारशालासुद्धा हसत नाहीत, त्यांनी मला बोलावून स्वतःच्या हाताने चहा दिला.

आजी गळवावर, सुजेवर, गाठीवर हीच पानं उकळून द्यायची आणि मी कॉलेजात गेल्यावर तिला हसायचे. आज ती असती तर मला चांगलं ऐकवलं असतं तिने.

आता हे सगळं पुन्हा करून दाखवायचं. एकदा झालं ते नशीब, दोनदा झालं तर शास्त्र. त्यासाठी पानं हवीत, दोन पोती तरी. चहावरचीच हवीत, आंब्यावरची किंवा फणसावरची नकोत. सोलोच्या बसच्या कंडक्टरकडे दे, तो इथल्या गाडीत चढवून देईल.

तुझी धाकटी,
निंग

*

न्गार्गोसारी, २६ मे

दिक निंग,

दोन पोती बसवर चढवली. खालच्या उतारावरची आहेत, सावलीत वाळवलेली. मुकादम म्हणाला, "हार्सी, बांडगूळ गोळा करून काय करतेस, घरी एक आहे ना?" म्हणजे सातिमिन. मी म्हटलं, "घरचं उकळून झालं, त्यात काही दम नाही." सगळ्या तोडणाऱ्या बाया टोपल्या खाली ठेवून हसत बसल्या. सातिमिन दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. घर कसं शांत होतं म्हणून सांगू!

आता एक सांगते. हे एकटीने वाच.

माझ्या डाव्या बाजूला गाठ आहे. रोजांच्या महिन्याआधीच हाताला लागली होती. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी सोलोला मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथल्या डॉक्टरने सुई टोचून काहीतरी काढलं आणि पुढच्या खेपेला म्हणाला, कापायला हवं, सगळं, लवकर. मी "इंग्गिह, डॉक्टर, इंग्गिह" म्हणत मान डोलावली, त्याने दिलेल्या तारखेला हो म्हटलं आणि बस धरून घरी आले. तारीख गेली. मी गेले नाही. मोठ्या माणसाच्या तोंडावर नाही कसं म्हणायचं?

तुला कळवणार नव्हते, तुझं कॉलेज, तुझे उंदीर. पण तुझं पत्र आलं आणि मी चुलीपाशी बसून रडले. आनंदाने गं. बघ, देवाने औषध दिलं तेही माझ्या पाठच्या बहिणीच्या हातात! आता कापाकापी कशाला? रोज सकाळी ओंजळभर पानं उकळून पिते. कडूजहर आहे. वरून ताडगुळाच्या पाण्याचा घोट घेते, आजी द्यायची तसा. कडू दिलं की वर गोड द्यायचं, नाहीतर जामूचा काढा अंगी लागत नाही आणि देणाऱ्याला शाप बसतो, असं म्हणायची ती.

सातिमिनला माहीत आहे. आणखी कुणाला नाही.

हार्सी

*

योग्याकार्ता, ३० मे

म्बाक्यू,

वेड लागलंय का तुला?

उंदीर! मी उंदरांबद्दल लिहिलं होतं. माणसाला ही पानं किती द्यायची, यकृताला सोसतात की नाही, काही उपयोग होतो की नाही, कुणाला काहीएक माहीत नाही. माहीत व्हायला वर्षं लागतील आणि बहुतेक वेळा शेवटी 'उपयोग नाही' हेच निघतं. मी औषध शोधलेलं नाही. मी एका झुडपावरच्या झुडपाबद्दल एक प्रश्न विचारला आणि एकदा उत्तर आलं, इतकंच.

सोलोला जा. त्या डॉक्टरची माफी माग आणि नवी तारीख घे. या आठवड्यात. मला उलटटपाली कळव की गेलीस. पानं पिणं बंद.

मला रागाने काही सुचत नाहीये. जा.

निंग

*

न्गार्गोसारी, २० जून

दिक निंग,

पत्र मिळालं. सातिमिनने वाचून दाखवलं आणि तुझ्या रागाच्या जागी तोच मोठ्याने ओरडला. कोंबड्या पळाल्या.

तू आधी लिहिलंस लागू पडलं. मग लिहिलंस वेड लागलंय का. मी कुठलं पत्र खरं मानू? उंदराला गुण येतो आणि मला नाही? मी काय उंदराहून गेलेली आहे? आणि तुझाच जर तुझ्या औषधावर भरवसा नसेल, तर इतकी वर्षं त्या पिंजऱ्यांत तोंड घालून काय करतेस? इथे मळ्यावर मी लोकांना सांगते, माझी बहीण कर्करोगावर काम करते. त्यांना काय सांगू आता, की ती फक्त प्रश्न विचारते?

चिडू नकोस. खरं सांगू? मला भीती वाटते. वरच्या आळीतली बोक तुगियेम आठवते ना, भजी विकायची? तिला सोलोला नेऊन कापलं. परत आली ती एका बाजूने चिरगूट होऊन आली आणि पुढच्या तोडणीला मातीत गेली. तू म्हणशील ती उशिरा गेली होती. असेल. पण मी तिला अंघोळ घातली आहे निंग, मी ते पाहिलं आहे. तू नाही पाहिलंस. आणि हात वर झाला नाही तर टोपली कशी पेलायची? मी घरात बसले तर सातिमिन तरी माझ्याकडे कसा बघेल?

तुझी दुसरी फेरी होऊ दे. तोवर थांबते. ती चांगली निघाली तर मी पानंच पिणार. वाईट निघाली तर तू म्हणशील तिथे येईन. हा माझा शब्द.

हार्सी

*

योग्याकार्ता, ४ ऑगस्ट

म्बाक्यू,

तुझ्या शब्दाचं मी काय करू? तुझी गाठ माझ्या फेरीसाठी थांबणार आहे का?

आणि फेरी कसली! पालथ्या घड्यावर पाणी चाललंय नुसतं. जून महिन्यात आलेले उंदीर शिंकत आले, सगळे परत करावे लागले. नवे आले तर वीज गेली आणि अर्क आंबला. तो पुन्हा काढला. मधल्या काळात पाक वाहोनोंनी वर्तमानपत्राला मुलाखत देऊन टाकली, 'जावाच्या चहामळ्यातून कर्करोगावर उतारा'. मी म्हटलं, पाक, अजून दुसरी फेरी सुरू व्हायची आहे. ते म्हणाले, "निंग, तू फार नकारात्मक बोलतेस. बाईच्या जातीने जरा गोड बोलावं." तेव्हापासून खोलीबाहेर बायका येऊन उभ्या राहतात. ओढण्या गुंडाळलेल्या, कुणाचा हात सुजलेला. म्हणतात, थोडी पानं द्या. मी नाही म्हणते आणि त्या "हो हो, बरोबर आहे" म्हणत तिथेच उभ्या राहतात. प्रत्येकीच्या जागी मला तू दिसतेस.

एक गोष्ट नीट ऐक. उंदराचा कर्करोग आम्ही त्याला दिलेला असतो, ठरवून, ठरल्या दिवशी. तुझा तसा नाही. तो केव्हा सुरू झाला आणि कुठवर पोचलाय, कुणाला ठाऊक नाही. आणि उंदराची गाठ आत किती राहिली हे बघायला आम्ही शेवटी त्याला मारतो, म्बाक्यू. तुझं आत काय चाललंय ते मी कसं बघू?

एवढंच बरं आहे की पिंजऱ्यांवर नवा माणूस आलाय, म्बाह कार्सो. तुझ्यासारखाच भाबडा. सुकोहार्जोकडचा म्हातारा आहे, बायको जामू विकायची त्याची. माद्यांना "पोरी, पोरी" म्हणतो. अर्क पाजताना त्या तोंड फिरवतात तर याच्या डोळ्यांत पाणी येतं. निदान पिंजरे स्वच्छ असतात.

रडावंसं वाटतं रोज. तू तरी ऐक गं.

निंग

*

न्गार्गोसारी, १ सप्टेंबर

दिक निंग,

रडू नकोस. तुझ्यासाठी चांगली बातमी आहे. गाठ लहान झाली.

आधी सुपारीएवढी होती, आता वाटाण्याएवढी लागते. अंगही हलकं झालंय, लेबारानच्या सणाला शिवलेला कबाया आता सैल होतो. सातिमिन म्हणतो, लग्नातली हार्सी परत आली. कडूपणाने जेवण जरा कमी जातं खरं, पण ते चांगलंच की.

तुझ्या त्या गोड न हसणाऱ्या साहेबांना सांग, न्गार्गोसारीची हार्सी बरी होते आहे. तुझं नाव होऊ दे. गेल्या पाहिंगवारच्या बाजारात दोघी-तिघींनी मला पानं मागितली. दिली.

तुझ्यासाठी केळ्याचे वाळवलेले काप पाठवते आहे. नीट जेव.

हार्सी

*

योग्याकार्ता, ९ सप्टेंबर

म्बाक्यू,

तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटायला आलंय.

मला यावर विश्वास ठेवायचा नाही. आणि ठेवायचाही आहे. बोटांनी चाचपून गाठ मोजता येत नाही, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. आणि तरी काल दिवसभर गुणगुणत होते. म्बाह कार्सो म्हणाला, "ताईसाहेबांचं लग्न ठरलं वाटतं." 

एक चूक केली. पत्र पाक वाहोनोंना दाखवलं. त्यांनी ते लगेच प्रत काढायला पाठवलं आणि म्हणाले, "हे अहवालाला जोडू. माणसावरचा अनुभव!" मी म्हटलं, ही माझी बहीण आहे, हा पुरावा नाही. ते म्हणाले, "बहीण खोटं कशाला सांगेल?"

तरीसुद्धा सोलोला जाऊन एकदा दाखवून ये. लहान झाली असेल तर डॉक्टरही तेच म्हणेल ना? जमलं की जा. आणि बाजारातल्या बायकांना पानं देऊ नकोस, पाया पडते.

केळ्याचे काप एका दिवसात संपवले.

निंग

*

योग्याकार्ता, १७ नोव्हेंबर

म्बाक्यू हार्सी,

हे पत्र हातात पडताच सातिमिनला घरी बोलाव आणि त्याच्यासमोर वाच. सगळं वाच, मध्ये थांबू नकोस.

दुसरी फेरी संपली. काहीच फरक नाही. अर्क घेतलेल्या माद्यांच्या गाठी आणि नुसतं पाणी घेतलेल्यांच्या गाठी सारख्याच. सारख्याच मोठ्या. मी पुन्हा मोजल्या, दुसऱ्याकडून मोजून घेतल्या. पाक वाहोनोंनी वजनकाट्यालाच दोष दिला.

मग मी म्हाताऱ्याला धरलं. म्हटलं, म्बाह, तुम्ही वेगळं काही केलंत का? "नाही हो ताईसाहेब, काही नाही." तीनदा विचारलं, तीनदा नाही. मग त्याच्या फडताळात ताडगुळाची ढेप सापडली. तेव्हा कुठे बोलला. अर्क पाजला की पोरी तोंड वाकडं करून कोपऱ्यात बसायच्या, खाद्याला शिवायच्या नाहीत. याला बघवेना. म्हणून तो त्यांना रोज वर ताडगूळ घातलेली तांदळाची पेज द्यायचा. फक्त अर्क घेतलेल्यांना. बाकीच्यांना कडू दिलंच नव्हतं, मग गोड कशाला? असा त्याचा हिशेब! म्हणाला, "कडूवर गोड न देता कुणाला तसंच सोडणं बरं दिसतं का?" मी त्याच्यावर इतकी ओरडले की बाजूच्या खोलीतून लोक धावत आले. तो मान खाली घालून "चुकलं, चुकलं" म्हणत राहिला. मग मला जाणवलं की मी आजीवरच ओरडते आहे.

पाक वाहोनो म्हणाले, उत्तम! म्हाताऱ्याने फेरी बिघडवली, म्हातारा घरी आणि फेरी रद्द. पहिली फेरी खरी.

मी खोलीत जाऊन दोन्ही वेळची वजनं शेजारी ठेवली. पहिल्या वेळी अर्क घेतलेल्या माद्या हडकुळ्या झाल्या होत्या. आकडे तेव्हाही समोर होते, पण गाठी लहान बघून आम्ही सगळे इतके हरखलो की तिकडे कुणी बघितलंच नाही. या वेळी पेज मिळाली, वजनं टिकली, आणि गाठीही भरपूर वाढल्या. उपाशी जनावराच्या अंगात गाठही उपाशी राहते, हे जुनं, माहितीतलं आहे. पहिल्या वेळी गाठी पानांनी आवरल्या नव्हत्या, म्बाक्यू. पानांच्या कडूपणाने माद्या जेवत नव्हत्या, म्हणून आवरल्या. ते औषध नव्हतं, उपासमार होती.

पक्कं म्हणायला आणखी एक फेरी हवी, पानं न देता नुसतं कमी खायला घालून. मी मागितली. मिळाली नाही.

पण तुझ्यासाठी मला आणखी फेरी नको. तुझा कबाया सैल होतोय, जेवण कमी जातंय. तू बरी होत नाहीयेस. तू वाळते आहेस. गाठ लहान झाली असं तुला वाटत असेल तरी माझ्यासाठी, माझ्यावर दया म्हणून, उद्याच्या उद्या सोलोला जा. तू शब्द दिला होतास. फेरी वाईट निघाली.

निंग

*

न्गार्गोसारी, २५ नोव्हेंबर

निंग,

गाठ कधीच लहान झाली नव्हती.

तू लिहिलंस रडावंसं वाटतं रोज. मी इथून काय करणार? वाटलं, चार चांगली अक्षरं पाठवावीत, पोरीला बरं वाटेल. कुणी 'बरी आहेस ना' म्हणून विचारलं तर आपल्यात कोण 'नाही' म्हणतं? तू तरी म्हणतेस का? मला काय ठाऊक तू ते पत्र साहेबाला दाखवशील आणि तो ते छापायला काढेल.

वाढली आहे. तेव्हाही वाढतच होती. आता कातडी संत्र्याच्या सालीसारखी झालीय आणि काखेतही काहीतरी लागतं. हात खांद्याच्या वर जात नाही. टोपली मी दुसऱ्या खांद्यावर घेते, मुकादमाला सांगितलं अवघडलाय.

आणि तू गं? शिकलेली ना तू? मी एक ओळ लिहिली वाटाण्याएवढी झाली आणि तू दिवसभर गाणी म्हटलीस? मे महिन्यात आग पाखडत होतीस आणि सप्टेंबरात 'जमलं की जा'? त्या 'जमलं की'चं मी काय करायचं होतं? मी वाट बघत होते, तू पुन्हा ओरडशील म्हणून. तू केळ्याचे काप खात बसलीस.

बाजारातल्या त्या बायकांकडे कुठल्या तोंडाने जाऊ?

हार्सी

*

योग्याकार्ता, २८ नोव्हेंबर

म्बाक्यू,

तुझं सगळं खरं आहे. भांडण मी नंतर करीन, उत्तर द्यायला मला वेळ नाही.

सोलोच्या इस्पितळात फोन करून डॉक्टरशी बोलले. तुझं नाव त्याला आठवत होतं. म्हणाला, "त्या फार नम्र बाई, न आलेल्या." खाट धरून ठेवली आहे. मी सोमवारी पहिल्या बसने न्गार्गोसारीला येते. हे पत्र माझ्या आधी पोचलं तर कपडे बांधून ठेव, नाही पोचलं तर मी बांधीन. बकरी शेजारी दे. मला हो म्हणून मागच्या दाराने मळ्यावर पळालीस तर अख्ख्या उतारावर तुझ्या नावाने बोंब मारीन, मग खुशाल लाज वाटू दे.

आपण दोघी त्या बाजारातल्या बायकांकडेही जाणार आहोत. मी बोलेन. तू फक्त शेजारी उभी राहा.

निंग

*

योग्याकार्ता, १४ डिसेंबर

म्बाक्यू,

सुखरूप पोचले. तुला शस्त्रक्रियेनंतरच्या गुंगीत सोडून यावं लागलं याचं वाईट वाटतं, पण विभागाच्या समितीपुढे उभं राहायचं होतं.

काय झालं ते थोडक्यात सांगते. मी म्हटलं, पहिल्या फेरीचा निबंध माझ्या नावाने जाणार नाही, आणि बहिणीचं पत्र अहवालातून काढा, ते खोटं आहे. पाक वाहोनो शांतपणे म्हणाले, "खोटं असेल तर तो तुमच्या घरचा प्रश्न." पत्र निघालं, पण मीही निघाले. उंदरांची खोली आता दुसऱ्याकडे. म्बाह कार्सोला आधीच काढलंय. जाताना मला म्हणाला, ताईसाहेब, नव्या माणसाला सांगा, तिसऱ्या पिंजऱ्यातलीला पाणी लवकर लागतं. आणि निबंध जाणारच आहे, माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाच्या नावाने. खोलीबाहेर बायका अजून उभ्याच असतात. इतकी वर्षं घालून मी काय केलं, तर एक खोटी आशा तयार केली आणि ती आता मलाच मागे घेता येत नाही. संताप संताप होतो.

ते जाऊ दे. तू कशी आहेस? सातिमिनला विचारलं तर तो फोनवर "बरी आहे, बरी आहे" म्हणतो. मला खरं लिही. 

निंग

*

सोलो, इस्पितळातून, १९ डिसेंबर

दिक निंग,

डाव्या बाजूला पट्ट्या आहेत, कागद धरता येत नाही, म्हणून अक्षर असं आलंय. सातिमिनला सांगून लिहून घेणार होते, पण त्याच्यासमोर हे बोलवणार नाही.

मी बरी नाही. दुखतं. खूप दुखतं. रात्री उशी तोंडात धरते. हात वर होत नाही आणि होईल असं कुणी म्हणतही नाही. काल परिचारिकेने पट्टी बदलताना मी खाली पाहिलं. बोक तुगियेमला अंघोळ घातली होती तेव्हा जे पाहिलं तेच. सातिमिन भिंतीकडे तोंड करून उभा होता, मग वळला आणि माझे पाय चेपू लागला.

तुझा राग येतो मला. तुझ्या त्या पहिल्या पत्राचा येतो. तू इतक्या आनंदाने लिहिलं नसतंस तर कदाचित मी गेले असते. मग वाटतं, नसतेच गेले, दुसरं काहीतरी कारण काढलं असतं. माझाही राग येतो. त्या म्हाताऱ्याचा मात्र येत नाही. त्याला भेटलीस तर सांग.

डॉक्टर कोवळा मुलगा आहे, चांगल्या घरातला. काल म्हणाला, "बाई, तुम्ही त्या पहिल्या तारखेला आला असता तर..." आणि थांबला. विषय बदलून म्हणाला, भात नीट खा. मला ते पुढचंच ऐकायचं होतं. पण मी विचारलं नाही. मान डोलावली. सातिमिननेही डोलावली. आम्ही दोघं इथे दिवसभर माना डोलावतो आणि तो गेल्यावर एकमेकांना विचारतो, काय म्हणाला रे?

काखेतून काढलेल्याच्या तपासणीचा निकाल शनिवारी येणार आहे. तेव्हा तो आम्हाला सांगेल. आडून आडून सांगेल, हसून सांगेल, देवाच्या हातात आहे म्हणेल. आणि आम्ही काही न कळता त्याचे आभार मानून बसू.

तू ये. तुला आता खोलीही नाही आणि उंदीरही नाहीत, म्हणजे सवड आहे. शनिवारी सकाळी ये, पानं आणू नकोस, खाऊ आणू नकोस. त्याच्यासमोर बस आणि विचार. तो फिरवून बोलला तर पुन्हा विचार. तो रागावला, सातिमिन लाजला, मी तुला गप्प बस म्हटलं, तरी थांबू नकोस. माझं किती उरलंय ते त्याच्या तोंडून काढ, आणि तो जे सांगेल ते मला त्याच शब्दांत सांग. एक शब्दही गोड करू नकोस.

हार्सी